कोंबड्या झाकायची येळ

बाजंवर बसू नका हो, हिकडं ह्या दगडावर या. बाज कोंबडीची हाय. हसायलाव? हसा. पर कोंबडी बाजंवर काऊन बसती, त्याचीच गोष्ट सांगतो तुमाला. लय मोठी न्हाई. दिस बुडायच्या आत संपंल.

तर बघा, उन्हं आजून काट्याच्या कुपाटीवर व्हती, अन् सटवाजीच्या आंगनात त्याची नवी सून कोंबड्यायच्या मागं पळायली व्हती. हातात सूप, सुपात मूठभर जवारी. खुराड्याच्या तोंडाशी दाने टाकायची अन् "तीऽ तीऽ तीऽ" करायची. कोंबड्या यायच्या, दाने टिपायच्या, की चालल्या परत उकिरड्याकडं. त्यांचं काय चुकलं? त्यांचा दिस आजून बाकी व्हता. ही पुन्हा आडवी व्हायची, पदर फडकवायची, एखादी धरून आत कोंबायची, तवर दुसरी भाईर.

सरजाबाई दारात बसून मिसरी लावायली व्हती. ती सटवाजीची बायको, सत्यशीलाची सासू. बोट तोंडात तसंच ठिवून बघत ऱ्हायली.

"सत्यशीला, दिस हाय की गं आजून."

"मांजर फिरायलंय, आत्याबाई."

"भर उन्हात?"

"काल बघितलं मी."

सरजाबाईनं पिचकन थुंकलं. पर तिच्या डोस्क्यात तो किडा गेला तो गेलाच.

आता तुमी शेरातले. तुमाला मालूम नसंल म्हनून सांगतो. कोंबडीला कोंडावं लागत न्हाई. कडुसं पडलं की तिला दिसंना व्हतं, मग ती आपल्या पायानं घरी येती, एकामागं एक, शाळंतल्या पोरावानी. बाईनं निस्ती फळी लावायची, फळीला धोंडा लावायचा, झालं. त्याला आमी कोंबड्या झाकायच्या म्हनतो. येळ कोंबडीची, बाईची न्हाई. लहान लेकराला बी हे कळतं. मंग ही शानीसुरती पोरगी उजेडात त्यांच्या मागं काऊन पळती?

दुष्काळ सरून एक साल झालं व्हतं तवाची ही गोष्ट. आमचं गाव चुडाव्याच्या ठेसनापासून हाकंवर. सटवाजीचा पोरगा पंडित पूर्णेला रेल्वेच्या गँगवर कामाला, आठवड्यातून एक रोज घरी. त्याचं लगीन उन्हाळ्यात झालं. पोरगी गंगाखेडच्या अंगची. बापानं हौशीनं नाव ठिवलेलं, सत्यशीला. दुष्काळात मायबापासंग खडी फोडून हाताला घट्टे पडलेले, पर बोलाय-चालाय गोड. भाकर अशी थापायची की परातीत चंद्र उतरला म्हना. सरजाबाईला सून पसंत व्हती. निस्तं हे कोंबड्याचं काय ते कळंना.

अन् कोंबड्या सरजाबाईच्या सोताच्या. त्यात नवऱ्याचा हात न्हाई, पोराचा न्हाई. त्या तिनं नागपूरसाठी जपल्या व्हत्या. सटवाजी धम्म घ्यायला नागपूरला गेला व्हता तवा हिची सासू आजारी, हिचं जानं ऱ्हायलं. तवापून दर दसऱ्याला गावातल्या बाया चुडाव्याहून गाडीत बसायच्या अन् ही फाटकापासून माघारी यायची. औंदा तिनं ठरवलं व्हतं, दसऱ्याच्या आधी पूर्णेच्या बाजारात कोंबड्या न्यायच्या, अन् जायचंच. म्हनून एकेका कोंबडीच्या पायाला तिनं लाल चिंधी बांधली व्हती. दिसभर चरून फुगावं म्हनून मोकळं सोडायची. अन् सून त्यांला उन्हातच कोंडायली. वरून जवारी सांडायली.

दुसऱ्या दिशी इचारलं तर म्हनं मुंगूस आलतं. तिसऱ्या दिशी ढग आले म्हनं. बहाना रोज नवा, येळ तीच.

मंग एक दिस सरजाबाईला दिसलं, कपडे वाळू घालायची दोरी जाग्यावर न्हाई. कायम लिंबाच्या झाडापून गोठ्याच्या मेढीपतूर असायची. आता एक टोक घराच्या चौकटीला, मधी खुराड्याच्या खुट्याला येढा, अन् दुसरं टोक रांजनाच्या मेढीला.

"दोरी काऊन हलवली गं?"

"हितं ऊन चांगलं लागतं, आत्याबाई."

सरजाबाईनं वर बघितलं. तिथं दुपारपून लिंबाची सावली. तिनं दोरीला हात लावून बघितलं. कंबरंइतकी खाली बांधलेली. लुगडं टाकलं तर काठ मातीत लोळंल. इतक्या खाली दोरी कोन बांधतं?

कुपाटीच्या पल्याड आमचं घर. मालन म्हंजी आमची बाई. आता ती न्हाई ऱ्हायली, पर तिचे कान जिंदगीभर त्या कुपाटीला बांधलेले. तिला हे समदं दिसलं अन् तिनं आपला हिशोब मांडला.

"सरजाबाई, मी म्हनते, आंडी मोजती का तू?"

"का गं?"

"न्हाई, चोरून कोनाला देती का बघ. सून लवकर कोंडती म्हंजी लवकर मोकळी व्हती. मंग दिवेलागनीला चौकटीला टेकून ठेसनाकडं तोंड करून बसती. मी रोज बघते. हालत न्हाई, डुलत न्हाई. तिकडं कोनाला बघती?"

"तुझ्या नवऱ्याला," सरजाबाई म्हन्ली.

मालन फणकाऱ्यानं घरात आली अन् माझ्यावर भांडी आपटली. माझा काय गुन्हा? पर सरजाबाईनंबी मनात नोंद केली. दिवे लागल्यावर सून खरंच चौकटीजवळून हालत न्हाई. भाकरी आधीच थापलेल्या, पानी आधीच भरलेलं, आंथरून आधीच टाकलेलं.

मंग आडावरची गोष्ट. बाया पानी शेंदायल्या व्हत्या अन् मालनचं तोंड चालूच.

"झरी गावातलं ऐकलं का? तिथली नवी सून माघारी धाडली. रातांधळी निघाली. पाव्हन्याच्या हातावर पानी घालायला गेली अन् समदं धोतरावर! बघायला दुपारी गेले व्हते नव्हं, रातचं कोनाला कळतंय? आता बाप दारात घिऊन बसलाय. तिला आता कोन करतंय?"

बाया हसल्या. अन् सत्यशीलाच्या हातातून दोर सुटला. बादली धाडकन खाली.

"हात निसटला," ती म्हन्ली.

सरजाबाईनं सुनंच्या हाताकडं बघितलं. घट्ट्याचे हात ते. खडीची पाटी उचललेल्या हातातून बादली निसटत न्हाई. सरजाबाईनं गळ टाकून गुमान बादली काढली.

सरजाबाईबी मघाशी आडावर हसली व्हती. अन् पंडितला पोरगी बघायला तीबी भर दुपारीच गेली व्हती.

त्या दिशी सांजला सत्यशीलानं रोजच्यावानी कोंबड्या कोंडल्या, फळी लावली. सरजाबाई थांबली. कडुसं पडू दिलं. मंग सून घरात भाकरीची टोपली झाकायली तवा हिनं हळूच फळी सरकवली, हात घातला अन् काळी कोंबडी काढली. त्या कोंबडीची खोड अशी की वरडायची न्हाई. काळी उचलली अन् आंगनातल्या बाजंवर नेऊन ठिवली. अंधार पडल्यावर कोंबडीला जिथं ठिवाल तिथंच ती बसती. जानार कुठं? तिलाबी दिसत न्हाई.

फळी पुन्हा लावून सरजाबाईनं रांजनापाशी हात धुतले, पदराला पुसले, अन् मोठ्यानं म्हन्ली, "सत्यशीला, काळी आत आली न्हाई वाटतं गं. बघ बरं."



"आली असंल, आत्याबाई."

"मला न्हाई दिसली. मांजर खाईल. बघ."

सत्यशीला भाईर आली. तवा पार काळोख न्हवता बरं का. कोन माणूस कोन झाड ते कळावं इतका उजेड व्हता. सरजाबाई अनवानी पायानं दोरीपाशी जाऊन उभी ऱ्हायली. श्वास धरून.

सून चौकटीतून निघाली ती दोरी धरून. दोरी धरून खुराड्यापतूर. खाली बसली, फळी काढली, आत हात घातला अन् एकेका कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत गेली. जशी आंधळी बाई लेकरायची तोंडं चाचपती तशी. हात भाईर काढला अन् तशीच बसून ऱ्हायली. काळी न्हवती.

"तीऽ तीऽ तीऽ."

आवाज रडका.

उठली. दोरी धरून रांजनाकडं निघाली. बाज वाटंतच. काळी बाजंच्या माच्यावर मान आत घिऊन बसलेली, हातभर अंतरावर. सत्यशीलाचं तोंड बरोब्बर तिच्याकडं. डोळे मोठे केलेले, टक्क उघडे. अन् त्या डोळ्यात काहीच न्हाई. ती फुडं गेली.

फुडं सरजाबाई उभी. सत्यशीलाचा हात दोरीवरून सरकत आला अन् सासूच्या पदराला लागला. थांबला. पदराचा काठ तिनं बोटात धरला, चाचपला. हात पुसून वला झालेला. सरजाबाईनं हात अर्ध्यावर उचललेला, तो तसाच ऱ्हायला, जशी काय भिंतीतली खुटी.

"वलंच हाय आजून लुगडं," सत्यशीला म्हन्ली. जरा मोठ्यानंच म्हन्ली. अन् पदर सोडून माघारी वळली.

सरजाबाई किती येळ उभी व्हती कोनास ठावं. मंग काळी उचलली, खुराड्यामागून वळसा घातला, अन् सून तिकडं चौकटीपाशी हात फुडं करून चाचपायली तवर कोंबडी आत सोडली. पंख फडफडले. सत्यशीला दोरी धरून धावतच आली, आत हात घातला. काळी हाताला लागली. तिनं फळी लावली, धोंडा लावला, अन् धोंड्यावर हात ठिवून बसली.

"काळी घावली का?" आतून सटवाजीनं इचारलं.

"घावली," सरजाबाईनं सांगितलं. "कुठं जाती? घरातच व्हती."

दुसऱ्या दिशी ती बायनाबाईकडं गेली. बायनाबाई गावची सुईन. म्हातारी, पर गुपित पोटात ठिवनारी.

"माझ्या भनीच्या पोरीला सांजचं दिसत न्हाई," सरजाबाई म्हन्ली.

बायनाबाईनं तिच्याकडं बघितलं. सरजाबाईला भन न्हाई हे समद्या गावाला मालूम व्हतं.

"दुष्काळात लय जनीला झालंय," बायनाबाई म्हन्ली. "पोटात काही गेलं न्हाई नव्हं. कलेजी खाऊ घाल तुझ्या भनीच्या पोरीला. अन् शेवग्याचा पाला. उतरतंय."

आता कलेजी आनायची कुठून? बकरं कापायचं बाजाराच्या दिशी, पूर्णेला. अन् सरजाबाई खाटकाला कलेजी मागायली हे मालनच्या कानावर जायला कितीसा येळ? कलेजी कशाला लागती हे दहा बायात नऊ बायायला ठावं. सरजाबाई खुराड्यापाशी आली. कोंबड्या लाल चिंध्या मिरवत उकिरडा उकरायल्या व्हत्या.

तिनं एक धरली.

"हिला काय झालं?" सटवाजीनं इचारलं.

"लंगडायली."

सटवाजी खूश. पाव्हना आल्याबिगर ह्या घरात कोंबडी कापलेली त्यानं बघितली न्हवती. जेवायला बसला. आता आमच्यात रिवाज असा, कलेजी-पथरी घरधन्याच्या ताटात. ते कोनी सांगावं लागत न्हाई. त्यानं रस्सा वरपला, तुकडे उलटेपालटे केले, पुन्हा पातेल्यात डोकावला.

"कलेजी कुठंय?"

"मांजरानं नेली."

आठवड्यानं दुसरी. का, तर आंडं देईना. कलेजी कुठंय? खराब निघाली, फेकली. मंग तिसरी. तिला म्हनं बाकीच्या टोचायल्या.

"अन् हिची कलेजी?"

"हिला न्हवतीच."

सटवाजीचा घास तोंडातच. "बिनकलेजीची कोंबडी?"

"आता देवानं... आता न्हाई तर न्हाई! मी काय करू? जेवा."

पंडित घरी आला तवा त्यालाबी तीच कथा. पथरी भेटली, कलेजी न्हाई. बापलेक एकमेकाच्या तोंडाकडं बघत जेवले.

गडीमानसं उठली की मंग सासू-सून चुलीपाशी बसायच्या. सरजाबाई सुनंच्या भाकरीखाली हळूच काहीतरी सरकवायची. पयल्या दिशी सत्यशीलानं घास घेतला अन् थांबली.

"आत्याबाई, हे तर मामंजीचं..."

"खा."

"पर..."

"तोंड हाय तर खा की. पाला बी खा."

दोघी खायच्या. कोनी काही इचारायचं न्हाई, कोनी काही सांगायचं न्हाई. सांजला सत्यशीला आजूनबी उन्हातच कोंबड्या कोंडायची. फरक इतकाच, आता सरजाबाई दुसऱ्या अंगानं आडवी व्हायची. दोघी मिळून हाकायच्या. मालननं कुपाटीवरून इचारलं, "सासूबी येडी झाली का?" तर सरजाबाई म्हन्ली, "आमच्या कोंबड्या लवकर निजतात. त्यांला सकाळी काम असतं."

रोजच्या शेवग्याच्या पाल्यानं अन् आठवड्याच्या कोंबडीनं मालननं मातर गावभर खबर केली की सत्यशीलाला डोहाळे लागले. सरजाबाईनं ती खबर खोटी पाडली न्हाई. चालू दिली.

असं करता करता दसरा आला.

बाया गाठोडी घिऊन ठेसनाकडं निघाल्या. पांढरी लुगडी नेसून, लेकरं काखंत घिऊन, मालन समद्यायच्या फुडं.

"चल की बाई! साल भर 'जाते जाते' करायलीस."

"गुडघे धरलेत गं," सरजाबाई म्हन्ली. "फुडल्या साली."

"जयभीम मंग."

"जयभीम. नीट जा."

ती फाटकापतूर बी गेली न्हाई. आंगनातच उभी ऱ्हायली. कोंबड्यायच्या पायाच्या लाल चिंध्या तिनं धुऊन दोरीला बांधल्या व्हत्या, त्या वाऱ्यानं हालायल्या. खुराड्यात आता झाकायला काहीच उरलं न्हवतं. एकटी काळी व्हती, अन् ती आता खुराड्यात जायचीच न्हाई. तिला एक दिस उचलून बाजंवर ठिवलं व्हतं नव्हं, तवापून तिनं तीच जागा धरली. सांज झाली की माच्यावर चढून बसायची.

दिस बुडाला. ठेसनात गाडीची शिट्टी झाली. गाडी हालली, आवाज लांब गेला. सरजाबाई तिकडं पाठ करून उभी व्हती.

"उद्या काळीला घ्यावं लागंल," ती चुलीकडं तोंड करून म्हन्ली. "लंगडायली."

सत्यशीला चौकटीत उभी व्हती. हात दोरीवर न्हवता.

"लंगडत न्हाई ती, आत्याबाई."

"तुला काय ठावं?"

"दोन्ही पाय नीट टेकून बसलीय. उजव्या पायाची चिंधी सुटाय आलीय."

सरजाबाईनं वळून बाजंकडं बघितलं. चांगलं कडुसं पडलेलं. काळी कोंबडी, काळोखाची येळ. तिला सोताला ती चिंधी दिसाया डोळे बारीक करावे लागले. खरंच सुटाय आलती.

ती बाजंपाशी गेली अन् उगं कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

सत्यशीला तिच्या शेजारी येऊन बसली. दोरीबिगर, सरळ चालत.

"आत्याबाई, वाळू घातलेल्या लुगड्याला मिसरीचा वास येत न्हाई."

सरजाबाईचा हात थांबला.

"त्या दिशी मी सांजलाच गाठोडं बांधलं," पोरगी म्हन्ली. "सकाळी मला घालवायला कोन येतं, मामंजी का तुमी, त्याची वाट बघत ऱ्हायले. सकाळी तुमी कोंबडी कापली. म्हन्लं, जेवू घालून धाडतील."

"कुठंय ते गाठोडं?"

"आजून तसंच हाय. उतरंडीमागं."

"सोड ते," सरजाबाई म्हन्ली. मंग जरा थांबून, "अन् ती दोरीबी वर बांध उद्या. माझी लुगडी मातीत लोळायली."

काळी वाचली. तिची पुढं पिल्लं झाली. एक तलंग, म्हंजी कवळी कोंबडी, सत्यशीलानं आमाला वाट्यानं दिली, पिल्लं अर्धी आमची, अर्धी तिची. तो वंश आजून चालूय माझ्या आंगनात, खोडीसकट अन् नावासकट. सरजाबाई फुडल्या साली नागपूरला गेली, अन् सून संग. ही समदी गोष्ट सत्यशीलानंच मला सांगितली, पर कवा? आमची मालन गेल्यावर. तवर तिनं दम धरला. शानी बाई.

उठायलाव? बरं, जा. निस्तं जाता जाता एक काम करा माझं. ती खुराड्याची फळी लावा, धोंडा नीट लावा. अन् त्या बाजंवर काळी हाय का तेवढं बघून सांगा मला. हितून दिसंना झालंय.